साक्षीदाराचा रकाना

दगडकाकूंना वाचता येतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे एक शिकलासवरला माणूस भर कचेरीत त्यांना अडाणी ठरवायला निघणार आहे. काकू सातवी पास आहेत. अक्षर टपोरं, एका ओळीत चालणारं. सही करताना त्या आद्याक्षरांवर भागवत नाहीत, सबंध नाव लिहितात आणि खाली एक रेघ ओढतात. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, सही अशी करावी की कुणी विचारलं तर ओळखता यावी. बाई बिचाऱ्या चांगल्या मनाने बोलल्या असतील.

दगडकाकू हे नाव गावाने ठेवलेलं. कालव्यापलीकडचं चार एकर शेत त्या निम्म्या वाट्याने कसत होत्या, आणि ते शेत म्हणजे नांगर लावला की खालून दगड वर येणार. बटाट्याएवढे, नारळाएवढे, कधी दोघांनी ढकलावा लागेल असा एखादा. पेरणीआधी पंधरा दिवस काकू बादली घेऊन ओणव्याने सगळं शेत पालथं घालत आणि वेचलेले दगड रस्त्याच्या कडेला रचत. रचता रचता छातीएवढी भिंत झाली. नवऱ्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं, रस्त्याला लागूनच. गिऱ्हाईक नसलं की तो ट्यूब हातात धरून ओरडायचा, "अगं, तुझ्या शेतात दगडांनाच कोंब फुटतात बघ!" काकू बादली खाली ठेवत. पाठ सरळ करायला दोन मिनिटं लागायची, तेवढ्यात तो पुन्हा ट्यूबकडे वळलेला असायचा.

शेत त्यांचं नव्हतं. त्यांचं स्वतःचं होतं ते शेजारचं अर्धा एकर, सासऱ्यांकडून आलेलं. मोठं चार एकर बंगलेवाल्यांचं. बंगलेवाले म्हणजे पूर्वी गावातच राहणारे, वडील गेल्यावर शहरात बंगला बांधून निघून गेलेले गृहस्थ. जाताना त्यांनी काकूंना बोलावलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघा आता शेत. निम्मं तुमचं, निम्मं माझं. लिहायबिहायची काही गरज आहे का?" काकू म्हणाल्या, "छे हो!" आमच्यासारख्या गावात शेताच्या बोलीला कागद मागायचा म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. त्याला बावीस वर्षं झाली. बंगलेवाल्यांचा निम्मा वाटा काकूंनी एकाही वर्षी चुकवला नाही, ज्या वर्षी गारांनी पीक झोडपलं त्या वर्षीसुद्धा.

त्या बोलीनंतर चार वर्षं गेली आणि सरकारने अनुदान सुरू केलं. जो शेत कसतो त्याला दर एकरी अमुक इतके पैसे, थेट खात्यात. ऐकायला किती सरळ वाटतं! काकूंच्या अर्ध्या एकराला काहीच नाही, कारण किमान एक एकर लागतं. आणि चार एकरांचे पैसे? ते ज्याच्या नावावर जमीन त्याला. फक्त अर्जावर एक ओळ होती, 'सदर जमीन अर्जदार स्वतः कसतो', आणि त्याखाली लगतच्या शेतकऱ्याची साक्ष हवी होती.

बंगलेवाले गाडीतून आले. मिठाईचा पुडा आणला, नवऱ्याची चौकशी केली, भिंतीचं कौतुक केलं आणि गाडीच्या टपावर अर्ज ठेवून म्हणाले, "वहिनी, इथे एक सही."

काकूंनी अर्ज वाचला. सबंध वाचला, मागची बाजूसुद्धा.

"भाऊजी, यात लिहिलंय तुम्ही स्वतः कसता म्हणून."

"हो."

"पण कसते तर मी."

बंगलेवाले मनापासून हसले. "अहो, ती कागदाची भाषा असते! जमीन माझी म्हणून अर्ज माझ्या नावाने. आपलं काय ठरलंय ते तुम्हाला-मला ठाऊक आहे ना? झालं तर मग."

आणि काकूंनी सही केली. सबंध नाव, खाली रेघ. नाही म्हटलं असतं तर शेत हातचं गेलं असतं, हे एक. पण खरं सांगायचं तर त्यांना ते भिडेनेच जमलं नाही. माणूस दारात आलाय, पुडा हातात दिलाय, आता त्याला तू खोटं बोलतोस म्हणून कसं सांगायचं?

त्या एकट्या नव्हत्या. निम्म्या गावाची जमीन अशीच शहरात राहणाऱ्यांची होती, आणि प्रत्येक शेताला साक्षीदार म्हणून सही करत होतं ते शेत प्रत्यक्ष कसणारंच माणूस. दुसरं कोण करणार? शेताचा नंबर त्यालाच पाठ, पाणी कधी दिलं ते त्यालाच माहीत. तालुक्याच्या केंद्रात अर्ज भरून देणारा माणूस, त्याला सगळे फॉर्मवाला म्हणत, तो तर मालकांना सांगायचाच, "साक्षीला कसणाऱ्यालाच आणा साहेब, माहिती चुकत नाही." म्हणजे खोटं लिहायचं, पण तपशील अगदी अचूक पाहिजे! दरवर्षी त्या मोसमात केंद्राबाहेर रांग लागायची आणि रांगेतले लोक एकमेकांना विचारायचे, "झाली का तुझी साक्ष?" जणू काही लस टोचून घ्यायची आहे. अशा अठरा सह्या काकूंच्या झाल्या.

मग यंदा बंगलेवाल्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा वकील. वडील आता थकले होते, व्यवहार तोच बघत होता.

"काकू, यंदा पेरू नका हं."

"का रे बाबा? बेणं आणून ठेवलंय मी."

"नवीन योजना आलीय. जमिनीला पाच वर्षं विश्रांती द्यायची. काहीच पेरायचं नाही. त्याचं अनुदान दुप्पट आहे."

"कोणाला?"

"म्हणजे... जमीन आमची आहे ना काकू."

काकूंनी फोन ठेवला. बावीस वर्षं त्या राबल्या त्याचे पैसे दुसऱ्याला मिळाले, हे त्यांनी गिळलं होतं. आता त्या राबणार नाहीत त्याचेही पैसे दुसऱ्यालाच, आणि तेही दुप्पट. अर्ध्या एकरात घर चालत नाही. पंक्चरच्या दुकानाचं काय सांगावं, रस्ता नवीन झाल्यापासून टायरसुद्धा शहाणे झाले होते. ते चार एकर गेलं की काकूंना पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जावं लागणार होतं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, सोड. त्यांचंच आहे ते." काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून दुकानात गेला, गिऱ्हाईक नसताना.

रस्ता दाखवला तो जाऊबाईंनी. धाकट्या दिराची बायको, तीही अशीच वाट्याने तीन एकर कसायची. केंद्राच्या भिंतीवर योजनेचं पत्रक चिकटवलं होतं, ते तिने वाचलं आणि धावत आली. "अहो, खाली बारीक अक्षरांत काय आहे ठाऊक आहे का? सलग दहा वर्षं जो प्रत्यक्ष कसतो, त्याच्या संमतीशिवाय शेताला विश्रांती देता येत नाही. असं छापलंय!"

काकू दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पत्रक वाचून आल्या. छापलं होतं. त्यांनी अर्ज केला, पोच घेतली. सुनावणीची तारीख पडली, पेरणीच्या दहा दिवस आधीची. बियाण्याच्या पावत्या त्यांच्या नावावर होत्या, पाणीपट्टी त्यांनीच भरलेली, आणि ती दगडांची भिंत तर आंधळ्यालाही हाताला लागली असती. शेजारचे तिघे म्हणाले, आम्ही येऊ सांगायला. जाऊबाई म्हणाली, मी तर येणारच.

कचेरीच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता, एक पाय विटेवर टेकवलेला. तिघांपैकी कुणी आलं नाही. एकाची गाय आजारी, एकाकडे लग्न निघालं, तिसऱ्याने काही कळवण्याचीही तसदी घेतली नाही. जाऊबाई आली होती, पण नाव पुकारल्यावर उठलीच नाही.

"माझ्याच्याने नाही होणार हो," ती पुटपुटली. "माझ्यापण सह्या आहेत ना. उद्या माझा मालक..."

"अगं, तूच सांगितलंस ना मला!"

"सांगितलं खरं," जाऊबाई म्हणाली आणि पदराशी, पिशवीशी, कशाशी तरी चाळा करत खाली बघत राहिली. काकूंना तिचा मनस्वी राग आला. मग आठवलं, गाडीच्या टपावर अर्ज ठेवला होता तेव्हा आपण तरी कुठे शूर होतो. त्या एकट्याच आत गेल्या.

आत साहेब होते, लिहून घेणारा कारकून होता, आणि खुर्चीत पाय लांब सोडून वकील. साहेबांचा चेहरा काकूंना ओळखीचा वाटला. आठ वर्षांपूर्वी हाच माणूस तपासणीला आला होता, तेव्हा केस काळे होते. त्या दिवशी त्याने काकूंच्या घरी चहा घेतला, दगडांच्या भिंतीवर बसून कागद काढला आणि विचारलं, "काकू, यंदा काय पेरलंय? किती निघेल?" काकू सांगत गेल्या आणि तो बंगलेवाल्यांच्या नावाच्या तक्त्यात लिहीत गेला. जाताना दोन किलो बटाटेही घेऊन गेला.

साहेबांनी पावत्या बघितल्या, बाजूला ठेवल्या आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला. अठरा अर्ज. एकेक उलटत ते प्रत्येकाच्या खालच्या रकान्यावर बोट ठेवत गेले.

"ही सही तुमची?"

"माझी."

"ही?"

"माझीच."

"काकू, अठरा वेळा तुम्ही लिहून दिलंय की जमीन हे गृहस्थ स्वतः कसतात. आज म्हणता मी कसते. मग तेव्हा खोटं बोललात की आज?"

वकील मध्ये पडला. आवाज अगदी सायीसारखा मऊ. "साहेब, काकूंना दोष देऊ नका. साधी माणसं. वाचता येत नाही, दाखवली त्या जागी सही करतात. कोणीतरी भरीला घातलंय त्यांना."

साहेबांनाही ते पटलं. सुटका होती त्यात सगळ्यांची. "तसं असेल तर तसं सांगा काकू," ते म्हणाले. "न वाचता सही केली, म्हणून सांगा. तुमच्यावर काही येणार नाही. अर्ज मागे घ्या, विषय संपला."

किती सभ्य माणसं! चार एकर काढून घ्यायचं आणि वर अक्कलही काढून घ्यायची, तीही मेहरबानी म्हणून. काकूंनी चष्मा लावला. त्यांनी टेबलावरचा सगळ्यात वरचा अर्ज उचलला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. योजनेचं नाव, कलम, पोटकलम, अर्जदाराचं नाव, शेताचा नंबर, 'सदर जमीन अर्जदार स्वतः कसतो', सगळं, कुठेही न अडखळता. कारकुनाचं पेन थांबलं.

"मला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "वाचून सही केलीय. खोटं आहे हे माहीत असून केलीय. अठराच्या अठरा. घ्या लिहून."

"काकू, विचार करून बोला. खोट्या साक्षीला दंड असतो."

"असू दे. माझं खोटं लिहा. मग हेही लिहा की मी कसते म्हणून मालकांना तोंडावर सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, ती कागदाची भाषा. आणि हेही लिहा साहेब, की तपासणीला तुम्ही आला होतात आणि पीक काय आहे ते मला विचारून लिहिलंत. मालकांना नाही विचारलंत. मला का विचारलंत?"

कारकुनाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान किंचित हलवली आणि कारकुनाने पहिलं वाक्य लिहिलं, बाकीची लिहिली नाहीत.

"हे असं लिहायला लागलं," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तर सबंध गावाचे अर्ज उघडावे लागतील. कळतंय का तुम्हाला?"

"मला कळतंय," काकू म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय."

आठ दिवसांनी निकाल पोस्टाने आला. काकूंनी तो दुकानात, टायरच्या ढिगावर बसून वाचला आणि मग नवऱ्याला ऐकवला. लिहिलं होतं, अर्जदार महिलेने वारंवार खोटी साक्ष दिल्याचं स्वतःच कबूल केलं असल्याने तिचं म्हणणं विश्वासार्ह मानता येत नाही. यापुढे या विभागाच्या कुठल्याही कामात तिची साक्ष धरली जाणार नाही. तिला अमुक दंड. मालकांनी मात्र लेखी आणि साक्षांकित अर्ज रीतसर दिलेले असल्याने ते जमीन स्वतः कसत होते असंच धरण्यात येतं.

"म्हणजे काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे मी खोटारडी, म्हणून मी कसते हे खोटं. आणि मीच दिलेली साक्ष, ती मात्र खरी."

नवऱ्याने हातातली ट्यूब खाली ठेवली. "हे लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का?" तो ओरडला. एवढ्या वर्षांत काकूंनी त्याला कुणावर चिडलेलं बघितलं नव्हतं. तो रस्त्यावर जाऊन कचेरीच्या दिशेने बरंच काही बोलला, येणाऱ्या-जाणाऱ्याने ऐकलं, आणि काकूंना त्या दिवसात तेवढंच जरा बरं वाटलं.

चार एकर तसंच राहिलं. काकूंनी बेणं मिळेल त्या भावाने विकलं. त्या हंगामात त्या तीन वेगवेगळ्या शेतांत रोजाने गेल्या, त्यांतलं एक जाऊबाईचं होतं. जाऊबाई त्यांना डोळे वर करून पैसे देऊ शकत नसे, डब्याखाली ठेवून जाई. येता-जाता रस्त्यावरून ते शेत दिसायचं. आधी नुसतं तण आलं, मग काटेरी झुडपं, ती गुडघ्याएवढी झाली. ज्या मातीतून एकेक दगड हाताने वेचला ती काकूंना अशी बघवत नसे. त्या मान वळवून घेत आणि मग स्वतःवरच चिडत, मान आपण का वळवायची म्हणून.

सहा महिन्यांनी फॉर्मवाला दारात आला. घामाघूम झालेला, बगलेत फाईल. काकूंनी त्याला पाणी दिलं.

"काकू, एक छोटंसं काम होतं. पहिला हप्ता सुटायचाय. विश्रांतीच्या योजनेत लगतच्या शेतकऱ्याची साक्ष लागते, की शेत खरंच मोकळं ठेवलंय. मुदत आजचीच आहे."

काकूंनी चष्मा लावून अर्ज वाचला. 'सदर जमिनीत अर्जदाराने कोणतीही मशागत, पेरणी वा अन्य काम केलेले नाही.'

"हे मात्र खरं आहे रे," त्या म्हणाल्या. "यात एक अक्षर खोटं नाही. फक्त सहाच महिन्यांचं का लिहिलंस, बावीस वर्षांचं लिहायचं की."

फॉर्मवाला कसनुसं हसला आणि पेन पुढे केलं. काकूंनी ते घेतलं नाही. आत जाऊन निकालाचा कागद आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने ती ओळ दोनदा वाचली.

"साक्ष धरली जाणार नाही... अरे देवा. मग आता?"

"मला काय विचारतोस? मी खोटारडी बाई."

त्याने घाईघाईने फोन लावला आणि पाण्याचा पेला दुसऱ्या हातात असल्यामुळे फोनचा स्पीकर लावून तो ओट्यावर ठेवून मोठ्याने बोलू लागला. पलीकडून वकिलाचा आवाज आला.

"वकीलसाहेब, काकूंची सही चालत नाही हो. तुमच्याच केसच्या निकालामुळे. शेताच्या दुसऱ्या एखाद्या बाजूचं नाव सांगा, मी लगेच गाठतो त्यांना."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"उत्तरेला कोण आहे? किंवा कालव्याकडे? कुणीही चालेल."

"बाबांना विचारतो," वकील म्हणाला. मागे काहीतरी बोलणं झालं, म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला, एक नाव आलं, मग 'तो तर कधीच वारला' असं कुणीतरी म्हणालं. वकील पुन्हा फोनवर आला, आता वैतागलेला. "अरे, आम्हाला कसं माहीत असणार? काकू तिथेच आहेत ना? त्यांना विचार. त्यांना सगळं ठाऊक असतं."

फॉर्मवाल्याने काकूंकडे बघितलं. काकूंनी त्याच्या हातातून पेला घेतला, निकालाचा कागद घेतला, आणि फोनमध्ये ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"अठरा वर्षं हे शेत ज्याने स्वतः कसलं, त्याला विचार. अर्जावर नाव आहे त्याचं."